न बसवलेला तिसरा टर्बो

लग्नात जेवायला बसलो की माझ्या शेजारची खुर्ची फार वेळ रिकामी राहत नाही. कुणीतरी ताट घेऊन येतो, दोन घास खातो आणि हळूच विषय काढतो, "अन्वरभाई, डिझेल गाडी घ्यावी का हो? दुरुस्तीला फार खर्च येतो म्हणतात." चाकणला तळेगाव चौकाच्या पुढे माझं गॅरेज आहे आणि गेली अडतीस वर्षं मी फक्त डिझेलच्या गाड्या उघडतो, हे आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ताटात बिर्याणी असो की श्रीखंड-पुरी, मला निवांत जेवू म्हणून देत नाहीत.

माझं उत्तर ठरलेलं आहे. डिझेलचं इंजिन नीट सांभाळलं तर मालक थकेल, ते थकणार नाही. तीन-साडेतीन लाख किलोमीटर झालेली इंजिनं माझ्याकडे येतात, तेल बदलून घेतात आणि निघून जातात. फक्त त्यांची एक खोड आहे. पेट्रोलचं इंजिन जरा दुखलं की कुरकुर करतं. डिझेलचं दुखणं अंगावर काढतं. मग एक दिवस ते एकदम झोपतं, हातात भलंमोठं बिल पडतं आणि लोक इंजिनाला शिव्या घालतात. त्या शिव्यांचा निम्मा वाटा आम्हा मिस्त्री लोकांना मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मीही आलो. हा लेख मागायला आलेल्या अंकवाल्यांना वाटलं असेल की मी माझी हुशारी लिहीन. तीही लिहिणारच आहे, पण आधी गाढवपणा लिहावा लागेल.

टर्बो हे नाव गाडी असलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं, आणि दुरुस्तीच्या कागदावर दिसलं की तो आधी खालचा आकडा शोधतो. हा एक दुतोंडी पंखा आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एका बाजूचं चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे. इतक्या वेगात त्या दांड्याला सांभाळते ती तेलाची पातळ साय. तेल थोडा वेळ जरी पोचलं नाही, तरी दांडा घासतो, शिट्टी वाजायला लागते, मग निळा धूर आणि मग खलास. संत तुकाराम नगरमध्ये माझं एक गिऱ्हाईक आहे, ते घाट चढून आल्या आल्या फाटकन चावी फिरवून इंजिन बंद करतात आणि वर मलाच विचारतात की टर्बो एवढा नाजूक का करतात. मी म्हणतो, साहेब, तुम्ही पाचवा मजला पळत चढून जा आणि नाक दाबून बघा.

म्हणजे टर्बो बहुतेक वेळा आपणहून मरत नाही, त्याला मारणारा दुसराच कुणीतरी असतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. देहूरोडला माझे अब्बा ट्रक दुरुस्त करायचे. मोडलेला भाग काढला की ते तो हातात घेऊन बसायचे आणि तो का मोडला हे सांगता येईपर्यंत नव्या भागाचा खोका फोडू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक समोर चुळबुळ करत असलं तरी त्यांना फरक पडायचा नाही. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, आणि तरीही घोळ घातला.

सुनंदाताई थोरात राजगुरुनगरच्या. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यानंच त्यांना गाडी शिकवली. दोघांनी मिळून सात सीटची जुनी डिझेल गाडी घेतली आणि चाकणमधल्या एका कारखान्याच्या ठेकेदाराकडे लावली. पहिल्या शिफ्टच्या पाच बायकांना राजगुरुनगरहून घ्यायचं, सातच्या आत गेटवर सोडायचं आणि दुपारी परत आणायचं. या पाच जणींच्या घरून कामाला परवानगी मिळाली होती ती एकाच अटीवर, की गाडी बाई चालवणार. गाडीवर पुरुष ड्रायव्हर आला की पाचही जणी घरी बसणार, यात कुणालाच शंका नव्हती.

त्या गाडीचा पहिला टर्बो गेला तो एका मोठ्या वर्कशॉपनं बदलला. सात महिन्यांत दुसरा गेला, आणि तेव्हा ताई माझ्याकडे आल्या. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, दारात सहा गाड्या रांगेत आणि प्रत्येकाला गावी जायचं होतं. मी जुना टर्बो उतरवला, नवा चढवला, तेल बदललं आणि गाडी देऊन टाकली. सात महिन्यांत टर्बो का जावा, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

आठ महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी, तीच गाडी टेम्पोला दोर बांधून माझ्या दारात आली. पुढून ताई उतरल्या.

"चाचा, तुम्ही बसवलेला टर्बो शिट्टी मारायला लागलाय."

"कधीपासून?"

"काल दुपारी परत येताना. शिरोलीच्या अलीकडं आवाज आला, तशी तिथंच बंद केली गाडी. पोरींना सहा सीटर रिक्षात बसवून दिलं. मग गाडी मोठ्या वर्कशॉपला नेली, त्यांनी हे दिलं."

कागदावर लिहिलं होतं की इंजिन आतून खराब झालंय, पूर्ण बदलावं लागेल. खालचा आकडा त्या गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता.

"आणि ठेकेदार?"

"उद्या सकाळी सातला माझी गाडी गेटवर दिसली नाही, तर कायमची दुसरी गाडी लावणार. ड्रायव्हरसकट. त्याचं तरी काय चुकलं? आधी दोनदा माझ्या गाडीमुळं पोरींचा हाफ डे लागलाय."

मी सवयीनं म्हटलं, "बघतो. टर्बो गेला असेल तर संध्याकाळपर्यंत नवा आणून..."

"नवा नको," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, सगळ्या जगाच्या गाड्या चालतात, मग माझ्याच गाडीचा टर्बो का मरतो?"

अडतीस वर्षांत गिऱ्हाइकानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. लोक विचारतात, किती होतील आणि कधी मिळेल. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. प्रश्न अब्बांचा होता आणि तो एका बाईला, ज्यांचं मी आधीच नुकसान केलं होतं त्यांना, मला विचारावा लागला.

मी पाइप काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. किंचित हलत होता, पण पंख्याची पाती कडेला घासली नव्हती. ताईंनी शिट्टी ऐकल्या ऐकल्या चावी बंद केली म्हणून तो वाचला होता. शिकलेले ड्रायव्हर रेडिओ मोठा करून तशीच दामटतात. मग गाडीखाली जाऊन तेलाचं चेंबर उतरवलं. आतून तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते, ती अर्ध्याहून जास्त बुजली होती. करपलेल्या तिळासारखे काळे कण. टर्बो मरायला टेकला होता तो तहानेनं. आधीचेही दोन्ही तसेच मेले असणार, आणि मी दुसऱ्या वेळी हे चेंबर उघडलंच नव्हतं.

पण हा जळका कचरा तेलात आला कुठून? इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि उत्तर समोरच दिसलं. मधल्या दोन इंजेक्टरच्या बुडाशी डांबर साचलं होतं.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते, त्यात इंजेक्टर डिझेलचा फवारा मारतो आणि भडका उडतो. हा दाब बाहेर निसटू नये म्हणून इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचं एक वायसर असतं, शर्टाच्या गुंडीएवढं. ते नीट बसलं नाही, तर प्रत्येक भडक्याला थोडा जळका धूर कडेनं निसटतो. काही वर येऊन डांबर होतो, काही तेलात उतरतो. तेलात कचरा, कचऱ्यानं जाळी बंद, जाळी बंद म्हणून टर्बो उपाशी. गुंडीएवढ्या वस्तूपासून सुरू झालेला मामला पूर्ण इंजिनाच्या कागदापर्यंत जातो. डिझेल महाग पडतं म्हणतात ते असं.

अडकलेले इंजेक्टर हळूहळू हलवत काढायला दोन तास गेले. खालून वायसरं निघाली ती बघून मी चक्रावलो. कडेनं काळी पडली होती, पण घडण इतकी सुबक की दागिन्याच्या दुकानात ठेवावीत. ही कुठल्याच कंपनीची नव्हती.

"ही कुणी बसवलीत?"

"भाऊजींनी केलीत," ताई म्हणाल्या. "प्रकाशनं. दोन वर्षांमागं इंजेक्टर साफ केले तेव्हा नवी वायसरं यायला आठवडा लागणार होता, म्हणून त्यांनी कंपनीत बनवून दिली."

प्रकाश म्हणजे त्यांचा दीर, भोसरीला एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवतात तिथं, कामाला. आमच्या या पट्ट्यातल्या माणसाला एक वेड आहे. जी वस्तू मशीनवर करता येते ती विकत आणणं त्याला कमीपणाचं वाटतं. देव्हाऱ्यातल्या समईची दांडी, शेजाऱ्याच्या पंख्याचा बुश, सासऱ्याच्या चुलीचा चिमटा, सगळं चहाच्या सुट्टीत तयार होतं. आणि चांगलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. फोन केला तसा प्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून मोटरसायकलवर हजर झाला. डिकीतून त्यानं लाकडी पेटी काढली, पेटीतून मायक्रोमीटर काढलं आणि वायसर पुसून एकेक मापायला लागला.

"चाचा, हे बघा. चारही एका मापाची. पाच मायक्रॉनचा फरक नाही. आमच्या क्वालिटीवाल्यानं डोळे झाकून पास केली असती."

सकाळपासून मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि हा आयताच समोर आला होता. पण निम्मा दोष माझा, तेव्हा जीभ आवरली. खणातून दुसऱ्या एका इंजिनाचं नवं वायसर काढलं आणि दोन्ही वायसरं एकापाठोपाठ फरशीवर टाकली. प्रकाशचं खणकन वाजलं आणि उड्या मारत टेबलाखाली गेलं. माझं ठप्प करून पडलं, तिथंच बसलं.

प्रकाशचा चेहरा उतरला. कारागीर माणूस, त्याला आणखी सांगायची गरज नव्हती. "तांबं कडक राहिलं," तो म्हणाला.

"मऊ का नाही केलंस?"

"वाटलं, कडक म्हणजे टिकाऊ. आमच्याकडं सगळं आयुष्य कडक करण्यातच जातं, चाचा. मऊ पीस निघाला की रिजेक्ट."

वायसरचं काम नेमकं उलटं असतं. वरून इंजेक्टर आवळला की त्यानं दबलं पाहिजे, खालच्या जागेतले बारीक खड्डे भरून काढले पाहिजेत. प्रकाशनं माप मायक्रॉनमध्ये सांभाळलं, पण ताठ वायसर दबलंच नाही.

तो वहिनीकडे वळला. "म्हणजे वहिनी, दोन्ही टर्बो माझ्यामुळं गेले?"

"एक तुमच्यामुळं आणि एक चाचांमुळं," ताई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. "आता दोघं मिळून गाडी चालू करा. मला सकाळी पोरी न्यायच्यात."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि कामाला लागलो. पण खरी अडचण पुढेच होती. ज्या जागेवर वायसर बसतं ती जागा दोन वर्षं निसटणाऱ्या धुरानं जळून खडबडीत झाली होती. ती कटरनं घासून सपाट करावी लागणार, म्हणजे खोल जाणार. जागा खोल गेली की इंजेक्टर खाली सरकणार, त्याचा फवारा भलतीकडे पडणार आणि पिस्टन जळणार. बाजारात जाड वायसर मिळत नाही. पिंपरीच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला की साधं वायसरसुद्धा चार दिवसांनी येईल. मी गाडीच्या बंपरवर टेकलो. मोठ्या वर्कशॉपनं इंजिन बदला म्हणून का लिहिलं, हे मला तेव्हा पटलं.

प्रकाश पेटी आवरता आवरता थांबला. "चाचा, तुम्ही किती कापणार?"

"जळलेलं जाईपर्यंत. आधी कसं सांगू?"

"कापून झाल्यावर मला खोली मापू द्या. जितकं कापाल तितकं जाड वायसर मी करून देतो. प्रत्येक जागेचं वेगळं."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ज्या हातानं चूक केली, त्याच हाताशिवाय ही गाडी दुरुस्त होणार नव्हती. मी चारही जागा कापल्या. मधल्या दोन्ही जागा जास्त जळालेल्या; एकीकडे पाव मिलिमीटर गेलं, दुसरीकडे त्याहून जरा कमी. प्रकाशनं वाकून, श्वास धरून चारही मापं घेतली, हाताच्या तळव्यावर पेनानं लिहिली आणि मोशीमार्गे भोसरीला पळाला. त्याच्या मित्राचं छोटं वर्कशॉप होतं, त्याच्याकडून सुट्टीच्या दिवशी शटर उघडून घेतलं.

तो येईपर्यंत मी तेलाचा सगळा रस्ता धुतला. जाळी, चेंबर, टर्बोकडे जाणारी नळी, नळीच्या तोंडाची गाळणी. ताईंनी पदर खोचला, रॉकेलच्या घमेल्यात जाळी घासायला घेतली आणि ती अशी लख्ख केली की माझी कामाची पोरंही करत नाहीत.

साडेचारला प्रकाश परतला. कागदाच्या चार पुड्या, प्रत्येकीवर जागेचा नंबर. मी गॅसची बत्ती पेटवली, पहिलं वायसर चिमट्यात धरून लाल केलं आणि पाण्याच्या बादलीत टाकलं.

प्रकाश ओरडला, "अहो चाचा, पाण्यात टाकल्यावर परत कडक होईल ना!"

"ते तुझं पोलाद. तांब्याचा स्वभाव वेगळा आहे. टाकून बघ फरशीवर."

त्यानं टाकलं. ठप्प. त्यानं ते उचलून परत टाकलं, मग आणखी एकदा, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. पुढची तीन त्यानंच लाल केली, मला बत्तीला हात लावू दिला नाही.

दिवेलागणीला इंजिन सुरू केलं. आधी स्वस्तातलं तेल घालून थोडा वेळ चालवलं, काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी चांगलं तेल. मग इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं. कणभर जरी धूर निसटत असेल तर बुडबुडा येतोच. प्रकाश टॉर्च घेऊन त्यावर इतका वाकला की नाक भाजायची वेळ आली.

"एक पण नाही, चाचा. एक पण नाही!"

मी ॲक्सिलरेटर दाबला, टर्बोनं हवा घेतली, शिट्टी नाही. साठी उलटलेला माणूस मी, पण खरं सांगतो, मला नाचावंसं वाटलं. अडतीस वर्षांत शेकडो टर्बो बसवले असतील. त्यातल्या कशाचाच मला इतका आनंद झाला नव्हता, जितका तो तिसरा न बसवल्याचा झाला. दिवसभराचा सगळा खर्च काय, तर तेल, फिल्टर, थोडं रॉकेल, थोडा गॅस आणि तांब्याचा एक तुकडा. ताई मजुरी विचारत होत्या. मी म्हटलं, ती मागच्या दिवाळीच्या घाईत वळती झाली.

सकाळी मला राहवेना. नमाज पढून स्कूटर काढली आणि राजगुरुनगर गाठलं. स्टँडपाशी पाचही जणी डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापासून दहा पावलांवर ठेकेदाराची दुसरी गाडी तयारच होती. ताईंनी कळवलं होतं तरी त्याचा भरवसा बसला नव्हता. ड्रायव्हर दार उघडून "बसा की ताई" म्हणत होता आणि एकही जण जागची हलत नव्हती. एकीची सासू तर सुनेची पिशवी आपल्याच खांद्याला अडकवून उभी होती, गाडी आली नाही तर तिथूनच तिला घरी न्यायला.

तेवढ्यात गल्लीतून सुनंदाताईंची गाडी आली. पावसाळी गारठा, तरी मागं धूर नाही. पाचही जणी भराभर आत बसल्या, सासूनं पिशवी खिडकीतून सुनेच्या मांडीवर ठेवली. ताईंनी मला पाहिलं, हॉर्न दिला आणि गाडी हायवेला लागली. दुसरा ड्रायव्हर फोनवर सांगत होता, "शेठ, आली तिची गाडी. मी येऊ का परत?"

याला आता तीन वर्षं झाली. टर्बो तोच आहे, इंजिन तेच आहे आणि काटा तीन लाखांच्या पुढे गेलाय. प्रकाशनं आता जाड-बारीक वायसरांचा एक डबाच मला करून दिलाय, आणि इतर गॅरेजवालेही त्यातलं मागायला येतात. मी देतो, पण आधी जुना भाग का मेला हे त्यांच्याकडून वदवून घेतो. माझ्या तिरसटपणाबद्दल चौकात जे बोललं जातं, ते बहुतेक यावरूनच.

त्या सकाळी स्टँडवर मी आणि ती सासूबाई दोघंच उरलो होतो. तिनं माझे काळे हात न्याहाळले.

"तुमी कोन?"

"गाडीचा मिस्त्री."

"मंग हितं कशापायी आलात?"

"गाडी नीट जाते का ते बघायला."

"आता बंद न्हाई ना पडायची? सारखं सारखं न्हाई चालायचं. पोरीचा पगार कापत्यात."

"नाही पडायची, आजी."

तिनं हायवेकडे बघितलं. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. मग पदर नीट करत म्हणाली, "मंग धाकल्या सुनंला बी लावून द्येते सोमवारपास्नं. ती बी माग लागलीय कवाची. गाडीत एक जागा हाय का?"

गाडी माझी नव्हती. कारखाना माझा नव्हता. निदान मालकिणीला तरी विचारायला हवं होतं.

"आहे," मी सांगून टाकलं. "खिडकीपाशीच आहे."